शाई संपली आहे

दिवाळी अंकासाठी लेख मागताना आमचे संपादक दरवर्षी एक अट घालतात. वर्षभर या पानावर तुम्ही काय हवे ते लिहा, पण दिवाळी अंकात वाचकांच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मराठीच्या अध्यापकापाशी लोकांच्या पदरात टाकण्यासारखे ऱ्हस्व-दीर्घाखेरीज दुसरे काय असणार, हे त्यांना ठाऊक नाही असे नाही. परंतु यंदा मी ती अट आनंदाने मान्य केली आहे. कारण गेल्या आठ महिन्यांत मी एक विद्या शिकलो आहे. ती म्हणजे प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये घरच्या घरी शाई भरण्याची विद्या. ही विद्या मला कोणी गुरूने दिली नाही. तीन शर्ट, एक टेबलक्लॉथ आणि सौभाग्यवतीचा काही अंशी विश्वास एवढे गमावून मी ती मिळवली आहे. वाचकांना ती फुकट मिळावी, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

आमच्या घरात प्रिंटर आला तो कन्येच्या शाळेच्या निमित्ताने. नववीतल्या मुलीला आठवड्याला दोन 'प्रोजेक्ट' लागतात, आणि त्यांची आठवण तिला रात्री दहानंतर, म्हणजे कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान बंद झाल्यावरच होते. तेव्हा मी एक साधा इंकजेट प्रिंटर घेऊन आलो. तो इतका स्वस्त मिळाला, की दुकानदाराची चूक झाली असावी असे वाटून मी जरा घाईघाईनेच घरी परतलो. चूक दुकानदाराची नव्हती. मासळी पकडणारा गळाला लावलेल्या कणकेचे पैसे मागत नसतो, हे मला पुढे महिन्याभराने कळले.

कळले ते असे. एका रात्री गणपतीची माहिती आणि अष्टविनायकांची चित्रे छापत असताना यंत्र थेऊरपाशी थांबले आणि संगणकाच्या पडद्यावर पाटी झळकली : 'शाई संपली आहे.' दुसऱ्या दिवशी नवे काळे कार्ट्रिज आणायला गेलो. किंमत आठशेच्या पुढे! रंगीत त्याहून महाग. दोन्ही मिळून निम्म्या प्रिंटरची किंमत झाली. आणि आत शाई किती? चहाचा लहान चमचाभर. अत्तराच्या फायासाठीही मी एवढा भाव कधी दिला नव्हता.

तरीही कन्येपुरते ते परवडत होते. प्रश्न उभा राहिला तो आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून त्यांनी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्तीनंतर त्यांनी त्या वर्षांच्या आठवणी लिहायला घेतल्या. अकरा वह्या भरल्या. पण बारावी वही निम्मी झाली असताना डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. परंतु दृष्टिपटलाचा मधलाच भाग झिजत चालला आहे, त्याला फारसा इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. माणसाच्या चेहऱ्याऐवजी त्याचे कान दिसतात, असे आप्पा हसत हसत म्हणतात. पण स्वतःचे अक्षर स्वतःला वाचता येईना, तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

मग आम्ही एक व्यवस्था लावली. रात्री जेवणे झाल्यावर मी त्यांच्या वहीतली दोन-तीन पाने संगणकावर उतरवायची आणि जाड, मोठ्या टायपात छापून द्यायची. एका कागदावर जेमतेम ऐंशी-नव्वद शब्द. सकाळी उन्हाच्या तिरिपेत बसून आप्पा भिंगाने ती पाने वाचत, जाड मार्करने दुरुस्त्या करीत, विसरलेले प्रसंग मला सांगत. दुरुस्त पान पुन्हा छापायचे. कन्येने आपला टॅबलेट त्यांना देऊ केला होता. त्यावर अक्षर हवे तेवढे मोठे होते. परंतु आप्पांचा हिशेब सरळ. ज्याच्यावर खोडता येत नाही, ते लिखाण कसले?

आता वाचकहो, थोडे गणित. कार्ट्रिजच्या खोक्यावर 'सुमारे १२० पाने' असे काहीतरी छापलेले असते. ती पाने विरळ मजकुराची धरलेली असतात. पानाच्या शंभर भागांपैकी सुमारे पाच भागांवरच शाई, असा तो ठोकताळा. आप्पांच्या पानावर अक्षरे थोडी, पण ती ठळक आणि बोटाएवढी. आमची साठ-सत्तर पाने झाली की खेळ खलास. रोजची पाच पाने म्हणजे पंधरवड्याला एक कार्ट्रिज. दोन महिने मी मुकाट्याने आणत राहिलो. तिसऱ्या महिन्यात वाण्याचे बिल आणि कार्ट्रिजचे बिल शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोघे स्वयंपाकघरात हिशेब करीत बसलो होतो. "दूध आणि शाई यांचं बिल सारखं येतंय," ही म्हणाली. तक्रार नव्हती ती. नुसता हिशेब होता. पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, आणि आप्पांची दृष्टी गेली तरी कान शाबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी रात्री मी वही मागायला गेलो, तर ते म्हणाले, "आज राहू दे. डोळा दुखतोय." त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता काय, बहुतेक झालंच आहे." बारावी वही अर्धी कोरी होती आणि नववीच्या पुढचे एकही पान आम्ही छापले नव्हते. आठ दिवस सकाळच्या उन्हात आप्पा नुसते बसून राहिले. भिंग घडी घातलेल्या पंच्यावर ठेवलेले.

नवव्या दिवशी मी स्टेशनजवळच्या संगणकाच्या वस्तूंच्या दुकानात गेलो आणि विचारले, "कार्ट्रिजमध्ये शाई भरता येते का हो?"

दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले. माझे नाव न विचारता त्याने प्रिंटरचे नाव विचारले, आणि तिथेच मला पहिला धडा मिळाला. इंकजेट प्रिंटर सगळे एका जातीचे नसतात. काहींत शाई फेकणारे डोके कार्ट्रिजलाच चिकटलेले असते. कार्ट्रिज बदलले की डोकेही नवे. काहींत डोके यंत्रात कायमचे बसवलेले आणि कार्ट्रिज म्हणजे नुसती डबी. तिच्यावर बहुधा एक चिप असते. नवशिक्याने हात घालावा तो पहिल्या जातीत. तिथे फार तर एक कार्ट्रिज बिघडेल. दुसऱ्या जातीत चुकलात तर यंत्राचे डोकेच जायचे. सुदैवाने आमचा प्रिंटर पहिल्या जातीचा निघाला.

दुसरा धडा शाईचा. मी भाबडेपणाने विचारले, "फाउंटनपेनची शाई चालेल?" त्यावर शेजारी उभे असलेले गिऱ्हाईकसुद्धा हसले. प्रिंटरची शाई वेगळी. तिच्यातही दोन प्रकार. एक पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची, दुसरी ज्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात अशी. पुष्कळ यंत्रांत काळी शाई कणांची आणि रंगीत शाई विरघळणारी असते. त्यांची मिसळ केली तर आत गुठळी होऊन छिद्रे बुजतात. तेव्हा आपल्या कार्ट्रिजच्या क्रमांकाला चालते असे जिच्यावर लिहिले आहे, तीच बाटली घ्यावी. मी शंभर मिलिलिटरची काळी बाटली घेतली, रंगीत तीन लहान बाटल्या घेतल्या, सुयांसकट चार सिरिंज घेतल्या. काळ्या बाटलीची किंमत एका कार्ट्रिजच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि तिच्यात वीसेक कार्ट्रिजे भरतील एवढी शाई! परत येताना मी रिक्षा केली नाही. पण करावीशी वाटली.

हे डोके म्हणजे काय प्रकरण आहे, ते थोडे सांगितले पाहिजे, कारण ते समजले की निम्म्या चुका टळतात. याची एक गोष्ट सांगतात. १९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाच्या हातून तापलेली डाग द्यायची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली, आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने आत बुडबुडा झाला आणि त्याने शाई बाहेर ढकलली. त्या चुकीतून एक तऱ्हा निघाली. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतही स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली, आणि १९८४ साली तिचा 'थिंकजेट' हा प्रिंटर बाजारात आला. त्यात दौत आणि टाक एकजीव केलेले. शाई संपली की दोन्ही फेकायचे. आमच्या टेबलावरचे कार्ट्रिज त्याचेच नातवंड.

कार्ट्रिजच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारी शेकडो छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रामागे एक चिमुकली शेगडी. क्षणाच्याही बारीक अंशात ती तीनशे अंशांच्या वर तापते, शाईला बुडबुडा येतो आणि एक थेंब कागदावर पडतो. थेंब केवढा? एका मिलिलिटरचे एक अब्ज भाग करा. त्यांतल्या मोजक्या भागांएवढा. असे हजारो थेंब सेकंदाला पडतात. आता यातून लक्षात ठेवायचे ते एवढेच, की या शेगड्या थंड राहतात त्या शाईमुळे. शाई पूर्ण आटल्यावरही तुम्ही छापत राहिलात, तर रिकामे पातेले चुलीवर ठेवल्यासारखे होते आणि शेगडी जळते. म्हणून छपाई फिकी पडू लागताच शाई भरावी. अगदी कोरडे होऊ देऊ नये.

छिद्रांच्या वर स्पंज असतो. शाई भरायची ती बाटलीत नव्हे, स्पंजात. स्पंज शाई धरून ठेवतो म्हणून ती खाली गळत नाही. आणि शाई जसजशी कमी होते, तसतशी वरच्या बारीक वाटेने आत हवा शिरते. ती वाट बंद झाली, तर तोंडाला बोट लावलेल्या नळीतून पाणी गळत नाही, तशी शाई उतरत नाही.

हे सगळे मला आज माहीत आहे. पहिल्या दिवशी यांतले काहीच माहीत नव्हते.

पहिल्या दिवशी मी हातमोजे न घालता, जेवणाच्या टेबलावर, बाहेर जायचा शर्ट अंगात ठेवून बसलो. कार्ट्रिजवरचा कागद सोलला, खाली भोक दिसले, सिरिंज भरली आणि दहा मिलिलिटर शाई एका दमात आत दाबली. चमचाभर शाईच्या जागी दोन चमचे! वरच्या भोकातून एक काळा फुगा आला आणि फुटला. खालच्या छिद्रांतूनही गळती सुरू झाली. मी घाबरून ओल्या फडक्याने सगळे कार्ट्रिज खसाखसा पुसले. त्यात मागच्या तांब्याच्या पट्ट्याही पुसल्या, ज्यांना शाईच काय, बोटही लागू द्यायचे नसते. रंगीत कार्ट्रिजची भोके तीन. कोणत्या भोकाखाली कोणता रंग, हे पाहायला हवे होते. पण मला वाटले, लाल-निळा-पिवळा असा क्रम बालवाडीपासून ठरलेलाच आहे. पिवळ्याच्या घरात निळा गेला. त्या रात्री कन्येने 'आपला राष्ट्रीय प्राणी' छापला, तेव्हा हिरव्या अंगाचा एक वाघ बाहेर आला.

"बाबा, हा शाकाहारी झाला वाटतं," ती म्हणाली.

सौभाग्यवती काहीच म्हणाली नाही. तिने टेबलक्लॉथ उचलला, बादलीत बुडवला आणि बादलीकडे बराच वेळ पाहत उभी राहिली.

आवाज ऐकून आप्पा चाचपडत बाहेर आले. त्यांना काळे हात दिसले नाहीत, वास आला. "शाई सांडलीस?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. मग ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "घाई केली असशील."

इथे जरा मागे गेले पाहिजे. शाई भरणे ही आज आपल्याला नवलाची गोष्ट वाटते. पण ज्यांनी टाक आणि दौत वापरली, त्यांच्या लेखी ते रोजचे काम होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. बोरू कसे निवडावेत, शाईचा संग्रह कसा करावा, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद परशुराम दांडेकर यांनी 'घोडा छाप' शाईची पूड आणि वड्या तयार करायला घेतल्या. पुढे 'कॅमल' म्हणून घरोघर गेली ती त्यांचीच शाई. वडी आणायची, पाण्यात विरघळवायची, बाटलीत भरून ठेवायची. आप्पा नोकरीला लागले तेव्हा वर्गासाठी शाई करणे हे नव्या मास्तराचे काम असे. सोमवारी सकाळी ते चाळीस दौती भरीत.

"चाळीस दौती भरून टेबलावर एक डाग पडायचा नाही," आप्पा म्हणाले. "शाईला आपण भरत नसतो रे. ती जाते. आपण फक्त वाट द्यायची."

मराठीचा अध्यापक असूनही मला यात काही सुभाषित दिसले नाही. मला फक्त तंत्र दिसले. स्पंज शाई पितो, त्याला पिण्याइतका वेळ द्यायला हवा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसलो. यावेळी जमिनीवर, वर्तमानपत्रांच्या चार घड्यांवर, जुने कपडे आणि हातमोजे घालून. कार्ट्रिज मी उभे धरले, छिद्रांची बाजू खाली, घडी केलेल्या टिश्यू कागदावर. सुई भोकातून हलकेच स्पंजात उतरवून दिली. सिरिंजचा दांडा आप्पांनी धरला.

डोळ्यांना समोरचे दिसत नव्हते, पण अंगठ्याला सगळे आठवत होते. ते मनातल्या मनात आकडे मोजत दाबत होते. मिनिटाला जेमतेम एक मिलिलिटर. चौथ्या मिलिलिटरच्या सुमारास भोकाच्या तोंडाशी शाई चमकली. "आली," मी म्हणालो. त्यांनी दाबणे थांबवले आणि दांडा किंचित मागे ओढून वर आलेली शाई परत घेतली. टेबलावर, म्हणजे जमिनीवर, एकही डाग नव्हता.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी पुढचा भाग. भोकाचे तोंड पुसून मूळचा कागद वर परत चिकटवावा, पण हवेची वाट बुजेल असा घट्ट नव्हे. कार्ट्रिज ओल्या टिश्यूवर छिद्रे टेकवून दोन-तीनदा नुसते दाबावे, घासू नये. पूर्वी टिपकागद दाबत असू, तसे. टिश्यूवर सलग काळी रेघ उमटली की छिद्रे मोकळी आहेत असे समजावे. रेघ तुटक आली तर बशीत जरासे कोमट पाणी घेऊन त्यात छिद्रांची बाजू काही मिनिटे टेकवावी; वाळलेली शाई सुटते. तांब्याच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या पाहिजेत. थेंब गळायचा थांबेपर्यंत कार्ट्रिज यंत्रात घालू नये. रंगीत भरताना प्रत्येक भोकात आधी दात कोरायची काडी बुडवून, तिला कोणता रंग लागतो ते पाहावे. प्रत्येक रंगाला सिरिंज वेगळी. आणि लहान मुले झोपल्यावरच हे काम काढावे. शाईचा हात धुतला तरी दोन दिवस निघत नाही. सोमवारी वर्गात मुलांनी माझी काळी बोटे पाहून मी मतदान करून आलो का, असे विचारले.

इतके करून कार्ट्रिज यंत्रात घातले, की पडद्यावर काय येते? 'शाई संपली आहे.' या पाटीने नवशिक्याचे अवसान गळते. तर त्याचा उलगडा असा : यंत्र शाई मोजत नाही, उडवलेले थेंब मोजते. अमुक इतके थेंब झाले, म्हणजे शाई संपली असणार, असे ते धरून चालते. तुम्ही मागून भरलेली शाई त्याच्या खतावणीत चढतच नाही. पुष्कळ यंत्रे ही सूचना देऊन 'ठीक' म्हटले की पुढे छापू लागतात. काही मात्र अडून बसतात, आणि काही संगणकातून नवी सूचना मिळाल्यावर कालपर्यंत चालणारे कार्ट्रिजही नाकारतात. घेतलेली वस्तू आपली, की विकणाऱ्याची, असा हा वाद आहे. अमेरिकेत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला, की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो आणि ते पुन्हा भरून विकणाऱ्याला त्या हक्काच्या जोरावर अडवता येत नाही. गिऱ्हाइकांची ही खटपट कंपन्यांनाही दिसत होतीच. २०१० साली एप्सन कंपनीने इंडोनेशियात, बाटलीने टाकी भरायची असा प्रिंटर विक्रीला आणला, आणि ती जात आता आपल्याकडेही सर्रास मिळते. यंत्र महाग, शाई स्वस्त. ज्यांना नवा प्रिंटर घ्यायचा आहे आणि पुष्कळ छापायचे आहे, त्यांनी सरळ तोच घ्यावा. आमच्यासारख्या आधीच गळाला लागलेल्यांसाठी सिरिंज आहे.

भरलेले कार्ट्रिज अमर नसते. शेगड्या झिजतात. आमचे पहिले कार्ट्रिज सहाव्या भरणीनंतर पांढऱ्या रेघा मारू लागले आणि मी ते बदलले. पण सहा नव्या कार्ट्रिजांचे पैसे वाचलेच.

पैसे वाचले, हे मी त्याच रात्री आप्पांना मोठ्या उत्साहाने सांगितले. बाटली दाखवली, भाव सांगितला, एका पानाला आता किती पैसे पडतात तेही सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "छान झालं. पोरीच्या अभ्यासाला होईल." वही त्यांनी दिली नाही. आपल्यावरचा खर्च कमी झाला आहे, हे कळून माणसाचा संकोच जात नाही. थोडा का होईना, तो आपल्यावरच होतो आहे, एवढे त्याला पुरते.

मीही आग्रह केला नाही. कन्येची सहामाही परीक्षा होती, प्रोजेक्ट बंद होते. तीन आठवडे प्रिंटर झाकून ठेवला होता. मग एके दिवशी वीजबिलाची प्रत काढायला गेलो, तर कोरा कागद बाहेर आला. पुन्हा काढला, चार तुटक रेघा. कार्ट्रिज हलवून पाहिले, आत शाई होती. ते घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने तळाची छिद्रे उजेडाकडे धरली आणि विचारले, "वापरत नाही का?"

"जपून वापरतो," मी म्हणालो.

"जपून वापरू नका," तो म्हणाला. "शाई ठेवून वाचत नाही, वाळते. छिद्रावरच वाळते. आठवड्यातून एकदा तरी एखादं पान छापत जा. रोज छापलंत तर फारच उत्तम."

घरी येऊन मी बशीत कोमट पाणी काढले आणि कार्ट्रिज घेऊन आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसलो. दुकानदार जे म्हणाला ते त्यांना शब्दशः सांगितले. त्यात मी माझ्या पदरचे काही घातले नाही. घालायची गरजच नव्हती.

"रोज छापायला हवं?" आप्पांनी विचारले.

"निदान आठवड्याला. नाहीतर नवं आणावं लागतं. आठशे रुपये."

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मास्तर माणूस; उदाहरण मांडून पाहत असावेत. मग ते उठले, कपाटाशी गेले, आणि वह्यांच्या चळतीतून बोटांनी मोजत नववी वही काढली.

"बिघडवू नका उगीच," ते म्हणाले. "ही घे. कोरेगावची शाळा इथून सुरू होते."

त्याला आता चार महिने झाले. दहावी वही संपली, अकरावी चालू आहे. बारावीचा कोरा अर्धा भाग ते तोंडी सांगणार आहेत. दर पंधरवड्याला रविवारी सकाळी आम्ही वर्तमानपत्र अंथरून बसतो. मी धरतो, ते भरतात. सौभाग्यवतीने त्यासाठी एक जुनी चादर वेगळी काढून ठेवली आहे, आणि ती आम्हाला टेबलाजवळ फिरकू देत नाही.

परवा, हा लेख लिहायला बसण्याआधी, मी रात्रीची पाने छापत होतो. पडद्यावर नेहमीची पाटी आली. यंत्र क्षणभर थांबले, तसे आतल्या खोलीतून आप्पांनी विचारले, "काय म्हणतोय रे तो?"

"शाई संपली आहे म्हणतोय."

"म्हणू दे," आप्पा म्हणाले. "तू पुढचं पान लाव."